मोजणारा: मुनव्वर

१

बातमी आली त्या दिवशी लक्ष्मीकांतने सकाळी नऊलाच चाचणीचा कागद भरून ठेवला होता. मुनव्वरचं विमान सहाला उतरणार होतं. तो फरवानियाच्या खोलीवर बॅग टाकणार, आंघोळ करणार आणि दहाच्या आत क्लबवर हजर होणार. बारा वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. रजेवरून परतलेली माणसं पहिला दिवस झोपून काढतात. मुनव्वर झोपत नसे. "झोपायला काय कुवेतला आलाव?" म्हणायचा.

म्हणून लक्ष्मीकांतने कागदाचा वरचा भाग नेहमीसारखा आधीच लिहिला. शस्त्र: नऊ मिलिमीटर पिस्तूल, तुर्की बनावट, नक्कल. चाचणी: पाचशे. नेमबाज: लक्ष्मीकांत. मोजणारा: मुनव्वर. कागद पाटीला लावला, पेन चिमट्यात अडकवलं आणि एसीची जाळी पुसायला घेतली. आदल्या दिवशी धुळीचं वादळ होऊन गेलं होतं. वर्कशॉपमधल्या प्रत्येक वस्तूवर पिवळट पूड बसली होती.

पावणेदहाला असमाचा फोन आला. असमा म्हणजे मुनव्वरची बायको. ती श्रीवर्धनला असायची आणि लक्ष्मीकांतला कधी फोन करत नसे.

"भावजी," ती म्हणाली. आवाज सरळ होता, रडून संपल्यावर असतो तसा. "काल सांजच्याला गेले. पडवीत बसले होते. बॅग भरून झाली होती."

"कुणाची बॅग?" लक्ष्मीकांतने विचारलं. आपण असं विचारलं, हे त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

फोन ठेवल्यावर त्याने जाळी पुसून पूर्ण केली आणि जागेवर बसवली. दहा वाजता त्याने दाराकडे पाहिलं. तेवढं मात्र त्याला टाळता आलं नाही.

२

क्लब अम्गऱ्याच्या भंगार यार्डांच्या पलीकडे होता. बाहेर पत्रे, गंजकी इंजिनं, ट्रकांची हाडं. आत संगमरवरी फरशी आणि कॉफी. सभासदांची परवान्याची शस्त्रं क्लबच्याच तिजोरीत राहायची. त्यांची दुरुस्ती, त्यात मागितलेले बदल आणि त्यानंतरची चाचणी, हे काम लक्ष्मीकांतचं. त्याआधीची वीस वर्षं त्याने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढली होती.

हे पिस्तूल अबू सालेम नावाच्या सभासदाचं होतं. एका नामांकित पिस्तुलाची तुर्कस्तानात केलेली नक्कल. मूळ मालाच्या पाव किमतीत तिकडून मागवलेली. अबू सालेमने चाप हलका करून मागितला होता, नेम धरायची साइट बदलून मागितली होती, स्प्रिंगा दुसऱ्या घालून मागितल्या होत्या. हे सगळं मुनव्वर रजेवर जाण्यापूर्वी दोघांनी मिळून केलं. पहिल्यांदा जुळणी करून नळीवरची सरकपट्टी मागे ओढली, तेव्हा मुनव्वर कान लावून म्हणाला होता, "कांतभाऊ, डुप्लिकेट हाय, पन गुरगुरते ओरिजनलसारखी."

बदल केलेल्या नकलेवर विश्वास ठेवायचा नाही, ती झाडून बघायची, हा लक्ष्मीकांतचा नियम. पाचशे गोळ्या, एका मॅगझिनमध्ये दहा, अशी पन्नास मॅगझिनं. कुठे अडकली, कुठे झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही, कितव्या गोळीला, हे सगळं कागदावर. त्यासाठी दोन माणसं लागतात. झाडणाऱ्याचं लक्ष हातात असतं, आकडा त्याच्या डोक्यात टिकत नाही. म्हणून दुसरा त्याच्या उजव्या खांद्यामागे स्टुलावर बसतो, प्रत्येक गोळीनंतर आकडा मोठ्याने म्हणतो आणि खूण करतो. मुनव्वर मराठीत मोजायचा. हाताच्या पेरांवर अंगठा फिरत असायचा आणि दर दहाला तो "चला" म्हणायचा. एकोणतीस, तीस, चला.

दुसरा नियमही लक्ष्मीकांतनेच आणलेला. उघडलेला कागद फाडायचा नाही, त्यावरचं नाव खोडायचं नाही. एकदा कागद फाडायची मुभा दिली की माणसं अडकलेल्या गोळ्यांचे कागद फाडतात, हे त्याने आयुष्यात पाहिलं होतं.

आता एक उघडलेला कागद होता आणि त्यावरचा मोजणारा श्रीवर्धनच्या कब्रस्तानात होता.

३

आठवडाभराने मॅनेजर सुयोग वर्कशॉपमध्ये आला. पस्तिशीचा, ठाण्याचा, बोलायला गोड.

"सर, मुनव्वरभाईंचं फार वाईट झालं. रिप्लेसमेंटचं मी बघतोय, पण समरमध्ये व्हिसा मिळणं म्हणजे... तुम्ही एकटे करून टाकाल ना अबू सालेमचं टेस्टिंग?"

"मोजणारा लागतो."

"सर, दहा-दहाची मॅगझिनं आहेत. पन्नास मॅगझिनं म्हणजे पाचशे. हे माझा केजीतला मुलगा पण सांगेल."

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. नवीन कागद घ्यावा, असं लक्ष्मीकांतच्या मनात आलं. मग वाटलं, का घ्यावा? मुनव्वरने या पिस्तुलाची एक एक स्प्रिंग आपल्या हाताने बसवली होती. त्याचं नाव राहू दे. कुणी विचारलंच तर सांगू.

चाचणीच्या जागेला ते दोघं बोगदा म्हणायचे. पंचवीस मीटर लांब, बिनखिडक्यांची, दोन्ही बाजूंना रबरी भिंती. वर ट्यूबलाइटची रांग, टोकाला वाळूचा ढीग. ढिगाच्या अलीकडे तारेवरच्या ट्रॉलीला लटकलेला निशाणीचा कागद. धूर ओढणारा पंखा सुरू केला की सगळा बोगदा घशातल्या घशात घुमायला लागायचा.

त्याने पहिलं मॅगझिन झाडलं. दहा पुंगळ्या फरशीवर किणकिणल्या. कुठे अडकलं नाही. कागदावर दहा खुणा केल्या. दुसरं मॅगझिन चढवून अकरावी झाडली.

"अकरा," मागून आवाज आला.

लक्ष्मीकांतने पिस्तूल खाली, टेबलावर, तोंड पुढे करून ठेवलं. इतक्या वर्षांची सवय; ते बरोबर ठेवलं गेलं. मग वळला. स्टूल होतं तिथेच होतं. त्यावर वादळाची पिवळी पूड तशीच होती.

कानांवर मफ होते. या मफांतून बोलणं ऐकू येतं, मोठा आवाज तेवढा दाबला जातो. म्हणजे बाहेरच्या कॉरिडॉरमधून कुणी बोललं असेल. किंवा बारा वर्षं अकराव्या गोळीनंतर जो आवाज येतो, तो कानाने आपणहून भरून काढला असेल. काढलेल्या दाताच्या रिकाम्या जागी जीभ जाते, तसं. हे त्याला पटलं. तो पुढे झाडत राहिला.

"एकोणीस," आवाज म्हणाला. "वीस. चला."

त्या दिवशी त्याने साठ झाडल्या. खरं सांगायचं तर पन्नासच झाडायच्या होत्या. दहा जास्त का झाडल्या, ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

४

शामला, त्याची बायको, सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. तिला त्याने चौथ्या दिवशी सांगितलं. तिने हातातली कणीक तशीच ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, तीस वर्षं गोळीबारात काढलीत. कान वाजणारच."

"वाजत नाहीत. मोजतात."

"उद्या माझ्याबरोबर चला. आमच्या ऑडिओलॉजीत रसिका म्हणून मुलगी आहे, नागपूरची. ती बघेल."

रसिकाने त्याला काचेच्या खोलीत बसवून कानांत शिट्ट्या वाजवल्या आणि शेवटी आलेख दाखवला. डाव्या कानाची रेघ वयाच्या मानाने ठीक होती. उजव्याची खाली कोसळली होती.

"काका, उजव्या बाजूनं तुम्हाला माणसाचं बोलणं नीट ऐकू येत नसेल. मागून कोणी बोललं, तर मुळीच नाही."

"मला उजवीकडूनच ऐकू येतं."

रसिका हसली आणि मग हसायची थांबली. "स्ट्रेस असेल काका," ती म्हणाली. परत येताना, बसमधून उतरल्यावर, शामलाने त्याचा हात धरला. तसा ती कुवेतमध्ये रस्त्यात कधी धरत नसे.

"सोडून द्या ते पिस्तूल. दुसऱ्या कुणाला तरी करू दे."

"कागद मी उघडलेला आहे," तो म्हणाला. "मीच मिटवीन."

५

दोनशेपर्यंत लक्ष्मीकांतला भीती अशी वाटलीच नाही. उलट सकाळी बोगद्याचं दार ढकलताना त्याला बरं वाटायचं. आवाज बोलत काहीच नसे. आकडे, आणि दहाला चला. पण त्या चलामध्ये मुनव्वर सगळा होता. त्याच्या घशातली बिडीची खरखर, ऐंशीतला ऐं लांबवणं. लक्ष्मीकांत दिवसाला दहाच झाडू लागला. सुयोग कुरकुरला, तर त्याला म्हणाला, "घाई असेल तर स्वतः झाड."

पिस्तूल एकदाही अडकलं नाही. ही गोष्ट त्याला खटकायला हवी होती. नकलेत शे-दीडशे गोळ्यांत काहीतरी निघतंच. एखादी पुंगळी तिरकी अडकते, एखाद्या वेळी सरकपट्टी अर्ध्यात थांबते. हे पिस्तूल पाण्यासारखं चालत होतं. बोट नुसतं टेकवलं की पुढचं सगळं आपोआप.

दोनशे दहाला त्याच्या लक्षात आलं की आवाज आता मागून येत नाही. उजव्या हाताशी, अगदी बरोबरीने उभं राहून कुणी बोलावं, तसा येतो.

दोनशे साठला तो हाताच्या जरासा पुढे होता.

त्याने मफ बदलून पाहिले. पंखा बंद करून पाहिला. डावीकडच्या दुसऱ्या पट्ट्यावर उभा राहून पाहिला. आवाजही सरकून त्याच्या उजवीकडे आला, पण होता तेवढाच पुढे. तीनशेला तो टेबलाच्या पलीकडे गेला. टेबलाच्या पलीकडे जायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मुनव्वर तो नव्या सभासदांना दरडावून सांगायचा. साडेतीनशेला आवाज बोगद्याच्या मध्यावर होता आणि लांबून येत असल्यामुळे तो जरा मोठ्याने मोजत होता.

लक्ष्मीकांतने त्या दिवशी पाच गोळ्या मॅगझिनमध्ये तशाच ठेवल्या आणि बाहेर येऊन उन्हात उभा राहिला. अठ्ठेचाळीस डिग्रीत त्याला हुडहुडी भरली होती. मागून कुणी मोजलं तर चालेल. बाजूने मोजलं तरी चालेल. पण तो चालत कुठे निघाला आहे, हे आता न कळण्यासारखं नव्हतं. त्या बाजूला एकच गोष्ट होती: निशाणीचा कागद.

६

त्याने असमाला फोन केला. मुनव्वरचा चाळिसावा दिवस होऊन गेला होता. तिने मुलांचं सांगितलं, क्लबने हिशेबाचे कागद लवकर पाठवले म्हणून आभार मानले. मग म्हणाली, "भावजी, एक इचारू?"

"विचार ना."

"त्या सांजेला ते पडवीत बसले, तेवा बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवीत होते. आमाला वाटला, जिक्र करतात, अल्लाचा नाव घेतात. मी जवळ गेली, तर आकडे म्हणत होते. मराठीत. तुमच्याकडे मोजायचे तसे." ती थांबली. "कितीपर्यंत मोजायचा असता ते?"

खिडकीबाहेर फरवानियाचा रस्ता वाहत होता. पैसे पाठवायच्या दुकानापुढे रांग, तिच्यात उभी दमलेली माणसं.

"शंभर," लक्ष्मीकांत म्हणाला.

"मग झाला असंल पुरा," असमा म्हणाली. तिला बरं वाटलेलं त्याला ऐकू आलं.

७

चारशे नव्वद झाल्या, त्या दिवशी सुयोग आणि अबू सालेम दोघंही क्लबवर आले. अबू सालेम साठीचा, सभ्य माणूस. मुंबईत लहानपण गेलेलं, हिंदी बोलायचा. तो वर कॉफी पीत बसला. सुयोग खाली बोगद्यात आला, त्याने रुमालाने स्टूल पुसलं आणि त्यावर बसला.

"शेवटचं मॅगझिन ना? मी मोजतो. म्हणजे तुमचा नियम पण राहील."

"मोजणाऱ्याचं नाव आधीच लिहिलंय."

"हो, बघितलं मी ते. सर, एक सांगू? लेबरचं इन्स्पेक्शन आलं आणि त्यांनी वारलेल्या माणसाचं नाव बघितलं, तर माझी वाट लागेल. आज संपवा, मी फाइल बंद करतो."

लक्ष्मीकांतने मॅगझिन चढवलं. निशाणीचा कागद पंचवीस मीटरवर शांत लटकत होता.

"चारशे एक्क्याण्णव," सुयोग मागून म्हणाला. आणि त्याच क्षणी तिकडून, कागदाच्या मागून, तोच आकडा आला.

तो झाडत राहिला. पिस्तूल इतकं सहज चालत होतं. ब्याण्णव. त्र्याण्णव. दोन आवाज, एक जवळचा कंटाळलेला, एक लांबचा, काळजीपूर्वक. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव.

मग त्याने बोट चापावरून काढलं, कारण कागदाच्या खालच्या कडेखाली त्याला काहीतरी दिसलं. कागद कमरेपर्यंत येतो. त्याखाली वाळूचा ढीग दिसायला हवा. ढीग दिसत होता. पण त्याच्या अलीकडे स्टुलाचे पाय होते आणि स्टुलाच्या खालच्या दांडीवर टेकवलेली दोन पावलं. अनवाणी, स्वच्छ, आत्ताच धुतल्यासारखी. एका पावलाची बोटं हलली. बराच वेळ बसून अवघडलेला माणूस हलवतो, तशी.

कागदामागे कुणीतरी घसा साफ केला. पुढचा आकडा म्हणायच्या आधी मुनव्वर करायचा तसा.

"काय झालं?" सुयोग म्हणाला. "अडकली?"

"नाही."

"मग? एकच राहिलीय." सुयोग उठून त्याच्या बाजूला आला. त्याने डोळे बारीक केले. "ते खाली काय दिसतंय? थांबा, ट्रॉली पुढे आणतो."

त्याचा हात बटणाकडे गेला. लक्ष्मीकांतने डाव्या तळव्याने बटण झाकलं.

"हात काढ, सुयोग."

"सर, अहो, नुसतं बघतो."

"बघायचं नाही. आणि तिकडे कुणी जाणारही नाही. हात काढ."

तो सुयोगशी या सुरात कधी बोलला नव्हता. सुयोगने हात काढला. दोघंही क्षणभर समोर बघत राहिले. पंखा घुमत होता. मग सुयोग तोंडातल्या तोंडात म्हणाला, "सावली असेल काहीतरी," आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेला.

लक्ष्मीकांतने मॅगझिन काढलं, सरकपट्टी ओढून नळीतली शेवटची गोळी बाहेर घेतली आणि मुठीत धरली. समोर न बघता, पण आवाज पोचेल इतक्या मोठ्याने तो म्हणाला, "नाही झाडणार, मुनव्वर. तू कितीही वाट बघ."

तो पाठ करून बाहेर आला. पाठ करताना त्याने पाऊल भरभर उचललं नाही.

८

वर अबू सालेमने विचारलं, "पिस्तौल में खराबी है?"

"नहीं. इतनी अच्छी मैंने आज तक नहीं देखी."

"तो फिर?"

"तो फिर नहीं. कागज बंद नहीं होगा. मैं दस्तखत नहीं करूँगा, और किसी को करने भी नहीं दूँगा."

अबू सालेमने कॉफीचा कप खाली ठेवला. या वयाची माणसं एकमेकांचं दुःख ओळखतात. पण आपली वस्तू मागे टाकत नाहीत. "सुयोग किसी और से करवाएगा," तो मवाळपणे म्हणाला.

"ते पिस्तूल ठेवलेल्या तिजोरीची चावी माझ्याकडे आहे," लक्ष्मीकांत मराठीतच म्हणाला, आणि सुयोगला ते समजलं.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. पंधरा दिवसांत चाचणी पूर्ण करून कागद सादर करावा, अन्यथा करार संपला असं समजण्यात येईल. शामलाने ते दोनदा वाचलं.

"तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, या क्लबवर आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"एका गोळीसाठी?"

"हो."

"आणि समजा तिकडे काहीच नसेल? नुसता कागद आणि वाळू?"

"तर पाटीवरच्या कागदाचं काही बिघडत नाही."

"आणि असेल तर?" तिने हळू विचारलं. "न झाडून तुम्ही त्यांना तिथेच बसवून ठेवलंय, असं झालं तर?"

हाच प्रश्न त्याने स्वतःला रोज विचारला होता. असमाला शंभर सांगितलं तेव्हापासून. त्याला उत्तर सापडलं नव्हतं, आणि उत्तर सापडावं म्हणून मित्रावर पिस्तूल रोखायला तो तयार नव्हता. त्याने शामलाच्या हातातून पत्र घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

पंधरा दिवसांतले अकरा झाले आहेत. तो रोज साडेआठला क्लबवर जातो, बाकीची दुरुस्ती करतो, जेवणाच्या सुट्टीत बोगद्याच्या दाराशी उभा राहतो. आत जात नाही. पंखा बंद असतो. सुयोग आता त्या जिन्याने खाली येत नाही. काही हवं असेल तर फोन करतो. दाराआड कधी कधी घसा साफ केल्याचा आवाज येतो, आणि लक्ष्मीकांत बाहेरून, नेहमीच्या आवाजात, "नाही," एवढंच म्हणतो.

पाटीवर कागद आहे. चारशे नव्याण्णव खुणा आहेत. पाचशेवी गोळी झाडलेली नाही.